आज काही आले नाही

बदलीच्या चाकरीतल्या मराठी माणसाला परमुलखात दोन भाषा शिकाव्या लागतात. एक त्या मुलखाची आणि दुसरी कचेरीची. पहिली आम्हांला कुठेच धड आली नाही. दुसरी मात्र फार चांगली आली, आणि आता निवृत्तीनंतर त्याचेच कधी कधी वाईट वाटते. 'विषय विचाराधीन आहे', 'यथावकाश कळविण्यात येईल', 'वरिष्ठांचा निर्णय अपेक्षित आहे' असली वाक्ये आम्ही पस्तीस वर्षे वाचली आणि त्याहून अधिक लिहिली. त्यांत खोटे काही नसते. परंतु ज्याच्या पोटात गोळा उठला आहे अशा माणसाने ती वाचली, तर त्याला त्यांत खरेही काही सापडत नाही. या वाक्यांनी आम्हांला उभ्या चाकरीत कधी अडचणीत आणले नाही. ज्यांना ती ऐकावी लागली, त्यांच्याविषयी तसे म्हणता येणार नाही. त्यांतल्या एकीची ही हकीगत आहे.

आमची शेवटची नेमणूक कटकला होती. महानदी आणि काठजोडी या दोन पात्रांच्या बेचक्यात वसलेले हे जुने शहर. नागपूरकर भोसल्यांचा अंमल येथे १७५१ पासून १८०३ पर्यंत होता. तेवढी एक गोष्ट सांगून येथे आलेला प्रत्येक मराठी अधिकारी पहिल्या दिवशी स्थानिक मंडळींशी नाते जोडू पाहतो, आणि ती मंडळी सभ्यपणाने विषय बदलतात. आम्हीही तेच केले आणि आमच्या बाबतीतही तेच झाले. एका सरकारी बँकेच्या शाखेचे आम्ही शाखाधिकारी. हाताखाली सोळा माणसे. माणसे कामसू होती, आणि ऐकणारी होती असा आमचा समज होता.

या समजाला एक शब्द कारण झाला. ओडिया माणूस वडीलधाऱ्याशी किंवा वरिष्ठाशी बोलताना वाक्यागणिक 'आज्ञा' म्हणतो. उच्चार साधारण 'आग्यां' असा. मराठीत आज्ञा वरून खाली येते. ओडियात ती खालून वर जाते. आपल्याकडे तिचा अर्थ हुकूम. तेथे 'होय जी, ऐकतो आहे' एवढाच. आम्ही काही सांगितले, की चहूकडून 'आज्ञा, आज्ञा' असा आवाज उठे, आणि सर्वांना पटले असे समजून आम्ही समाधानाने खोलीत परतत असू. वस्तुतः त्यांनी फक्त ऐकलेले असे. पटले की नाही, हे त्यांना कुणी विचारलेलेच नसे.

३० ऑगस्ट २०१९ रोजी, शुक्रवारी, दहा सरकारी बँकांच्या चार बँका करण्याचा निर्णय वित्तमंत्र्यांनी दिल्लीत जाहीर केला. २०१७ मध्ये देशात सत्तावीस सरकारी बँका होत्या. या निर्णयाने त्या बारांवर येणार होत्या. सहा बँकांची नावे पुसली जायची होती, आणि आमची बँक त्या सहांत होती. आम्हांला ही बातमी कुणा वरिष्ठाकडून कळली नाही. आमच्या रोखपालाने आपला भ्रमणध्वनी आमच्यासमोर धरला आणि विचारले, "सार, हे खरे का?" जे आम्ही त्याला सांगायचे, ते त्याने आम्हांला दाखविले. आम्ही वाचले, चष्मा पुसला, आणि म्हणालो, "यथावकाश कळविण्यात येईल." तो म्हणाला, "आज्ञा."

पुढचे दोन महिने आम्ही हेच केले. नोकरी कुणाचीही जाणार नाही, असे सरकारने सांगितले होते. आणि ते आम्ही दोन-तीनदा सर्वांना वाचून दाखविले. त्यापलीकडे आपले काही कर्तव्य आहे असे आम्हांला वाटले नाही. परंतु माणसांचे प्रश्न नोकरी जाण्याचे नव्हतेच. दोन बँकांच्या ज्येष्ठता याद्या एकीत मिसळताना आपले नाव कितव्या ओळीवर जाईल? मुलगी बारावीत असताना बदली ओडिशाबाहेर होईल काय? घरासाठी बँकेकडून सवलतीने घेतलेल्या कर्जाचा दर तोच राहील काय? नव्या बँकेची संगणकप्रणाली पंचावन्नाव्या वर्षी शिकता येईल काय? आणि एका म्हाताऱ्या दप्तऱ्याचा प्रश्न सर्वांत साधा होता: निवृत्तीच्या दिवशी जे मानपत्र मिळते, त्यावर कोणत्या बँकेचे नाव असेल?

यांपैकी एकाचेही उत्तर आमच्याजवळ नव्हते, आणि उत्तर नसताना बोलणे हा अधिकाऱ्याचा कमीपणा, अशी आमची शिकवण होती. म्हणून आम्ही गप्प राहिलो. पण अधिकारी गप्प राहिला म्हणून शाखा गप्प राहत नाही. मुख्यालयातून येई ते परिपत्रक; रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवरून येई ती बातमी. टपरीवर ज्येष्ठता यादी तयार झाली होती, निम्म्या शाखेच्या बदल्या रायपूरला झाल्या होत्या, आणि शाखाधिकाऱ्यांना यातले सगळे ठाऊक असून ते आपल्या बढतीसाठी तोंड मिटून बसले आहेत, असेही तेथे ठरले होते. २२ ऑक्टोबरच्या देशव्यापी संपात आमचे बरेच जण सामील झाले. दुसऱ्या दिवशी ते कामावर आले ते खाली पाहत. आणि आम्हीही खालीच पाहत होतो.

त्या दिवाळीत आम्हांला वडिलांची आठवण झाली. आमचे वडील १९५६ मध्ये नागपुरास सरकारी कचेरीत कारकून होते. त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना अमलात आली. विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले, नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला झाली, आणि नागपूरचे राजधानीपण संपले. कुणी मुंबईस जायचे, कुणी भोपाळास, आणि कुणी नागपुरातच राहायचे, हे याद्यांवर ठरायचे होते. कायद्यात संरक्षण होते. राज्यपुनर्रचना कायद्याच्या ११५ व्या कलमाप्रमाणे, केंद्र सरकारची आधी संमती घेतल्यावाचून कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती त्यांना प्रतिकूल होतील अशा बदलता येत नव्हत्या. परंतु वडिलांनी या कलमाचा उल्लेख आमच्यापाशी कधी केला नाही. त्यांनी सांगितली ती त्यांच्या हेडक्लार्काची गोष्ट.

हा गृहस्थ रोज संध्याकाळी कचेरी सुटताना छत्री हाताला अडकवून दाराशी उभा राही, आणि त्या दिवशी टपालाने काय आले ते चार वाक्यांत सांगे. यादीतली नावे आली असतील तर नावे. तारीख बदलली असेल तर तारीख. कुणी विचारले आणि ठाऊक नसले, तर "मला ठाऊक नाही" असे सरळ म्हणे. आणि ज्या दिवशी काहीच आलेले नसे, त्या दिवशीही तो न चुकता उभा राही व म्हणे, "आज काही आले नाही." वडील म्हणत, "त्या चार शब्दांवर आम्ही रात्री झोपत असू. काही आले असते, तर तो बोलला असता, एवढे आम्हांला पक्के होते."

दिवाळीनंतर आम्ही तोच परिपाठ धरला. रोज पाच वाजता खोलीतून बाहेर यायचे, रोखपालाच्या पिंजऱ्याशेजारी उभे राहायचे, आणि आलेले सांगायचे. ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणायचे. पहिल्या आठवड्यात कुणी प्रश्न विचारला नाही. दुसऱ्यात एकाने विचारला. महिनाभरात असे झाले, की आम्हांला दोन मिनिटे उशीर झाला तर दप्तरी दारातून डोकावू लागला. रोखपालाने आम्हांला वडिलांचे ते वाक्य ओडियात शिकविले: 'आजि किछि आसिनाहिँ.' आमचा उच्चार ऐकून सगळे हसत. टपरीवरची ज्येष्ठता यादी हळूहळू बंद पडली. खऱ्या मालाची आवक रोज थोडी थोडी असली, की खोट्या मालाला उठाव राहत नाही, हे आम्ही इतकी वर्षे बँकेत काढून त्या हिवाळ्यात शिकलो.

१ एप्रिल २०२० रोजी बँका एक झाल्या. देश त्या वेळी टाळेबंदीत होता. पाटी बदलायला रंगारी मिळेना, म्हणून जुन्या नावाखालीच नवी बँक सुरू झाली. ३ एप्रिलपासून जनधन खात्यांत बायकांचे पाचशे-पाचशे रुपये जमा होऊ लागले आणि दाराबाहेर रांगा लागल्या. तोंडावर फडकी बांधून आमच्या माणसांनी ती गर्दी हसतमुखाने निभावली. त्यांतला एकही रजेवर गेला नाही. आम्हांला त्याचा अभिमान वाटला, आणि खरे सांगायचे, तर त्यात थोडा स्वतःचाही अभिमान होता. आपण माणसांशी बोलायला शिकलो, असे आम्हांला वाटू लागले होते.

आता जे सांगायचे ते सांगणे कठीण आहे.

फेब्रुवारी २०२१ मधल्या एका सोमवारी विभागीय कार्यालयाचे पत्र आले. पाकिटावर 'गोपनीय' असा शिक्का. दोन बँका एक झाल्या म्हणजे एकाच रस्त्यावर एकाच बँकेच्या दोन शाखा होतात, आणि त्यांतली एक मिटवावी लागते, हे ओघानेच आले. आमच्यापासून दोनशे पावलांवर दुसरी शाखा होती. तिची जागा मोठी, लॉकर अधिक. मार्चअखेर आमची शाखा तिच्यात मिळवायची होती. पत्रात बजावले होते, की खातेदारांत चलबिचल होऊ नये आणि जागामालकाशी बोलणी पुरी व्हावीत म्हणून सूचना मिळेपर्यंत ही गोष्ट कुणापाशी बोलू नये. कारणे वाजवी होती. त्या जागी आम्ही असतो, तर आम्हीही तीच लिहिली असती.

पाच वाजले. आम्ही बाहेर आलो. काय म्हणायचे हे ठरविले नव्हते. सगळे उभे होते. दाराशी, हातात झाडू घेऊन, माउसी उभी होती. सवयीने शब्द निघून गेले: "आजि किछि आसिनाहिँ." सगळे हसले आणि घरी गेले.

पुढच्या तीन आठवड्यांत आम्ही हे वाक्य पंधरा-सोळा वेळा म्हटले. पहिल्या दिवशी ते निसटले होते. दुसऱ्या दिवसापासून मात्र ते आम्ही समजून उमजून म्हणत होतो. एखाद्या संध्याकाळी बाहेर न येणे शक्य होते. पण न आलो तर संशय येईल, असा हिशेब आम्ही केला. ज्या सवयीने विश्वास जोडला होता, तीच आम्ही तो फसविण्यासाठी वापरली. याला दुसरे नाव नाही.

ही माउसी म्हणजे आपली मावशीच. ओडियातला शब्दही तोच, आणि वयाने मोठ्या अशा कामवाल्या बाईला तेथेही त्याच नात्याने हाक मारतात. ती आमच्या शाखेत अठरा वर्षे झाडलोट करीत होती. अंशकालीन म्हणून लागली आणि तशीच राहिली. हजेरीपटावर तिचे नाव नव्हते, महिन्याचे साडेतीन हजार रुपये व्हाउचरवर अंगठा घेऊन दिले जात. विलीनीकरणाच्या योजनेत कर्मचाऱ्यांच्या वेतन-भत्त्यांना अभय दिले होते ते 'स्थायी व नियमित' कर्मचाऱ्यांच्या. हे दोन शब्द आम्ही कितीदा तरी मोठ्याने वाचले असतील. वाचताना ती तेथेच उभी असे. तिला ते शब्द कळले नसतील, असे आम्ही धरून चाललो होतो. की त्या शब्दांबाहेर कोण उरते, हे आम्हांलाच सुचले नव्हते, हे आता सांगता येत नाही.

बातमी फुटली ती जागामालकाकडून. त्याला जागा सोडण्याची नोटीस मिळाली आणि त्याने ती टपरीवर वाचून दाखविली. त्या दिवशी पाच वाजता आम्ही बाहेर आलो, तेव्हा कुणी जागचे उठले नाही. आम्ही सर्व सांगितले: पत्र कधी आले, त्यात काय होते, आम्ही का बोललो नाही. ऐकून कुणी 'आज्ञा' म्हटले नाही. इतक्या वर्षांत तो शब्द आम्हांला तेव्हा प्रथम ऐकावासा वाटला. अखेर रोखपाल म्हणाला, "सार, शाखा मिटणार हे आम्हांला टपरीवर वर्षापूर्वीच कळले होते. आपण रोज नाही म्हणत होतात, म्हणून आम्ही त्यांना खोटे पाडीत होतो."

सोळा जणांचे पुढे बरे झाले. नऊ जण दोनशे पावले चालत नव्या शाखेत गेले. बाकीच्यांच्या बदल्या कटकातच किंवा भुवनेश्वरला झाल्या. बारावीतल्या मुलीचा बापही जवळच राहिला. दप्तऱ्याला मानपत्र मिळाले; त्यावर नव्या बँकेचे नाव होते, आणि ते त्याने निमूटपणे घेतले.

माउसी दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या खोलीच्या दाराशी आली. नव्या शाखेत आधीच एक झाडूवाली होती. रोखपालाला मध्ये घेऊन ती बोलली, आणि तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. समोरच्या नर्सिंग होममध्ये झाडलोटीची जागा रिकामी झाली होती. तेथल्या नर्सबाईंनी तिला बोलाविले होते. पगार थोडा अधिक होता. बँकेतले काम टिकणार असेल तर इतक्या वर्षांचे सोडून जायला नको, असे तिला वाटले. तिने आठ दिवसांची मुदत मागून घेतली. ते आठ दिवस ती रोज पाच वाजता दाराशी उभी राहून ऐकत होती. मग तिने नर्सबाईंना नाही सांगितले. आता त्या जागी दुसरी बाई लागली होती.

"आज्ञा," ती म्हणाली, "आपण रोज म्हणत होतात, काही आले नाही. म्हणून मी नाही म्हटले."

ते आठ दिवस कोणते, हे आम्ही कॅलेंडर काढून पाहिले. पाहण्याची गरज नव्हती.

आम्ही विभागीय कार्यालयाला पत्र लिहिले, की अठरा वर्षे सेवा केलेल्या या बाईला कुठल्या तरी शाखेत सामावून घ्यावे. उत्तर आले: विषय विचाराधीन आहे. अशी उत्तरे आम्ही स्वतः शेकड्यांनी लिहिलेली. तेव्हा त्या उत्तराचा अर्थ आम्हांला कुणी समजावून सांगायला नको होता. पुढे कोरोनाची दुसरी लाट आली. जुलैअखेर रोखपालाच्या ओळखीने माउसीला एका दुकानात काम मिळाले. मधले चार महिने ती घरी होती. चार महिन्यांचे चौदा हजार रुपये होतात. निवृत्त होऊन कटक सोडण्यापूर्वी आम्ही ते पाकिटात घालून तिला दिले. तिने ते दोन्ही हातांनी घेतले आणि म्हणाली, "आज्ञा." त्या शब्दाचा अर्थ आम्हांला तेव्हाही कळला नाही.

पूर्वी आमची अशी समजूत होती, की अधिकाऱ्याजवळची बातमी ही कचेरीची मालमत्ता आहे, आणि ती केव्हा वाटायची हे कचेरीने ठरवावे. आता तसे वाटत नाही. कुणाचे काम जाणार, कुणाची बदली होणार, ही बातमी ज्याची त्याची असते. तिच्याबरोबर त्याला थोडा वेळ मिळतो: दुसरीकडे शब्द टाकायला, मुलाची शाळा पाहायला, कर्ज न घ्यायला, नर्सबाईंना हो म्हणायला. बातमी दडविली म्हणजे तो वेळ आपण घेतो. माउसीचे तीन आठवडे आम्ही आमच्या मेजाच्या खणात कुलूप लावून ठेवले होते. चौदा हजारांत ते परत जात नाहीत.

'मग गोपनीय पत्राचे करायचे काय?' असे आपण विचाराल. आपल्यापैकी पुष्कळ जण अद्याप खुर्चीवर आहेत, आणि शिक्क्याचा मान राखणे हे आपले कामच आहे. आम्हीही त्या वेळी स्वतःला हेच विचारीत होतो, आणि उत्तर नाही असे समजत होतो. उत्तर होते. त्या सोमवारी आम्हांला असे म्हणता आले असते: "आज पत्र आले आहे. त्यातले मला आज सांगता येत नाही. परवानगी मिळेल त्या दिवशी पाच वाजता सांगेन. दरम्यान कुणाला दुसरे काही चांगले चालून आले, तर या शाखेकडे पाहून ते सोडू नका." यात शिक्का फुटत नव्हता. काही दिवस टपरीला विषय मिळाला असता, विभागीय कार्यालयाने कदाचित खुलासा मागितला असता, आणि निवृत्तीला थोडे महिने उरलेल्या माणसाला त्या खुलाशाचे भय किती असावे?

वडिलांच्या त्या हेडक्लार्काला आम्ही कधी पाहिले नाही. त्याचे चार शब्द मात्र आम्ही उचलले, आणि वाटले, की युक्ती शब्दांत आहे. तो ते शब्द फक्त खरोखर काही न आलेल्या दिवशीच म्हणत असे, एवढी साधी गोष्ट आमच्या ध्यानात राहिली नाही.